उठवणारी खुर्ची

"भावोजी, खोक्यावर नेमकं काय लिहू?"

एवढा एकच प्रश्न मेहुण्याने परदेशातून फोनवर विचारला होता. दुसरा कुणी असता तर "जे आत आहे ते लिही" म्हणून जेवायला बसला असता. पण प्रश्न पोटकलमांना विचारला गेला होता, आणि सरळ उत्तर देणं हे पोटकलमांना आजवर जमलेलं नव्हतं.

पोटकलम हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. बंदरावरच्या एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. लोकांचा परदेशातून आलेला माल कस्टम्समधून सोडवून आणायचा, हा त्या कचेरीचा धंदा. कस्टम्सचा सगळा कायदा त्यांना तोंडपाठ होता, आणि एखादं पोटकलम घातल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. (लग्न नवं असताना बायकोने "मी तुम्हाला आवडते ना?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी "सर्वसाधारणपणे, हो" असं उत्तर दिलं होतं. ती ते अजून विसरलेली नाही.) कचेरीने ठेवलेलं नाव हळूहळू घरापर्यंत आलं आणि घरानेही ते बिनतक्रार मान्य केलं.

खोक्यात होती एक खुर्ची, सासऱ्यांसाठी.

सासरे म्हणजे शाळेतले ड्रिलमास्तर. सगळा जन्म त्यांनी मैदानावर काढला, आणि तोही उभ्याने. त्यांनी "सावधान!" म्हटलं की शाळेबाहेरून चाललेली माणसंसुद्धा ताठ होत. निवृत्तीनंतर ते लेकीकडे राहायला आले, आणि थोड्याच दिवसांत त्यांचे गुडघे आणि कंबर यांनी संगनमताने काम बंद केलं. एकदा बसले की आपलं आपल्याला उठता येईना. मग लेकीने एका काखेत हात घालायचा, जावयाने दुसऱ्या काखेत, आणि "एक, दोन, तीन" म्हणून त्यांना उभं करायचं. आकडे सासरे स्वतः म्हणत. उचलणाऱ्यांना शिस्त नाही, जावई तर नेहमी अडीचलाच उचलतात, अशी त्यांची तक्रार होती.

ते थट्टा करत, पण मनातून खचले होते. संडासाला जायचं तर दोन माणसांना हाक मारावी लागते, म्हणून त्यांनी पाणी पिणंच कमी केलं. भरलेला तांब्या संध्याकाळी तसाच्या तसा दिसायला लागला तेव्हा लेकीच्या ते लक्षात आलं. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि डोळे पुसून तिने भावाला फोन लावला.

भाऊ म्हणाला, इकडे एक खुर्ची मिळते. बटण दाबलं की बसलेल्या माणसाला अलगद वर उचलते, पुढे कलते आणि पायांवर उभं करून देते. शेजारचे एक आजोबा वापरत होते. ते गेले, आणि त्यांच्या मुलांना घरातली जागा मोकळी करायची आहे. "पाठवतो," तो म्हणाला. आणि मग त्याने तो प्रश्न विचारला.

"मी लिहितो, आजारी माणसाला उठवणारी मोटरची खुर्ची."

"वेडा आहेस का?" पोटकलम म्हणाले. "आजारी म्हटलंस की डॉक्टरचा दाखला मागतील. मोटर म्हटलंस की मोटरचा वेगळा विचार करतील. सरळ लिही, जुनी आरामखुर्ची, किंमत नगण्य."

"पण भावोजी, मोटर आहे ना हो तिच्यात."

"ती आतून आहे. बाहेरून ती आरामखुर्चीच आहे. तू लिही, पुढचं माझ्यावर सोड."

मेहुण्याने सोडलं. खुर्ची आली, कस्टम्सच्या एक्सरे यंत्राखालून गेली, आणि यंत्राला बाहेरून काय आहे यात काही रस नसल्यामुळे त्याने आतली मोटर दाखवली. माल चुकीच्या वर्णनाने आणला म्हणून खुर्ची जप्त झाली.

आता जप्त म्हणजे कायमची गेली असं नव्हे. दंड भरा आणि माल सोडवून न्या, अशी सवलत मिळते. त्याला त्या धंद्यात रिडेम्प्शन फाइन म्हणतात. खुर्चीवर बसलेला दंड फार नव्हता. बुटांचे दोन बरे जोड घेतले तर जेवढे पैसे पडतील, तेवढा.

"आत्ता भर," कचेरीचे मालक म्हणाले. "संध्याकाळी खुर्ची घरी ने. टेम्पो माझा."

इतरांच्या बाबतीत पोटकलमांनी हाच सल्ला सगळी नोकरीभर दिला होता. घाबरून आलेल्या व्यापाऱ्याला ते पाणी देत आणि म्हणत, "शेठ, भरा आणि सुटा." पण मनात दुसरंच असे. त्यांच्या मते हा दंड असतो मालावरच्या नफ्याला चाप लावायला. मग ज्या मालाची विक्रीच नाही त्यावर नफा नाही, आणि नफा नाही तिथे दंड शून्य. हा मुद्दा त्यांनी वर्षानुवर्षं जपून ठेवला होता. तो लढवायला एकही व्यापारी तयार होत नव्हता, कारण व्यापाऱ्यांना माल विकायचाच असे. आता प्रथमच असा माल आला होता जो कुणालाही विकायचा नव्हता, आणि तो घरचा होता.

शिवाय सासऱ्यांबद्दलही त्यांच्या मनात एक जुनं शल्य होतंच. लग्नातल्या फोटोच्या वेळी सासरे सगळ्यांसमोर म्हणाले होते, "जावईबुवा, पाठ सरळ." तेव्हापासून पोटकलम त्यांच्या तोंडून एका "शाब्बास"ची वाट बघत होते.

"भरले पैसे?" बायकोने दारातच विचारलं.

"भरायचे नाहीत. आपण लढतोय."

"आपण म्हणजे कोण कोण?"

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे गं."

आतून, वेताच्या खुर्चीतून सासऱ्यांचा आवाज आला. "माझी खुर्ची आली का?"

"बाबा, खुर्ची आपलीच आहे," पोटकलम म्हणाले. "तत्त्वतः."

"बरं. मग मी तत्त्वतः उठलो असं समजा," सासरे म्हणाले. "आणि आता खरोखरचं उठवायला या."

पोटकलमांनी अर्ज केला, सुनावणी लागली. निवाडा देणारे साहेब सर्दीने बेजार झालेले, पण स्वभावाने भले होते. त्यांनी नाक पुसत विचारलं, "ही खुर्ची तुम्ही विकणार नाही कशावरून?"

"जे बसणार आहेत त्यांनाच हजर करतो," पोटकलम छाती काढून म्हणाले.

हे बोलणं सोपं होतं. सासऱ्यांना जिन्यावरून खाली आणणं अवघड होतं. त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, पुढून टॅक्सीवाल्याने धरलं, मागून पोटकलमांनी, बायको वाट मोकळी करत पुढे झाली, आणि वरात निघाली. शेवटच्या वळणावर पोटकलमांच्या पाठीत "कट्" असा स्वच्छ आवाज झाला. तो सगळ्यांना ऐकू आला.

"कुठलं कलम मोडलं हो?" सासऱ्यांनी विचारलं.

जप्त खुर्ची गोदामातून हलवता येत नव्हती, म्हणून साहेबच गोदामात आले. लांबच लांब जागा, उंच पत्रे, आणि दोन्ही बाजूंना लोकांचा अडकून पडलेला माल. झुंबरं होती, सायकली होत्या, बाजाच्या पेट्या होत्या. एका खोक्यातून एक भुसा भरलेलं अस्वल अर्धवट बाहेर डोकावत होतं. शेवटच्या कोपऱ्यात, गळ्यात सरकारी चिठ्ठी आणि अंगभर सीलची पट्टी, अशी ती खुर्ची बसली होती. गोदामवाल्याने पट्टी सोडली आणि कुठून तरी लांब वायर आणून जोडून दिली. लेकीने आणि जावयाने सासऱ्यांना तिच्यात बसवलं. रिमोट त्यांच्या हातात दिला.

त्यांनी बटण दाबलं.

घुर्रर्र असा बारीक आवाज झाला आणि खुर्ची वर यायला लागली. हळूहळू खुर्ची पुढे कलली, सासऱ्यांचे पाय जमिनीला नीट टेकले, आणि ते उभे राहिले. काखेत कुणाचाही हात नव्हता. त्यांनी टाचा जुळवल्या, मान वर केली, आणि त्यांच्याही नकळत तोंडातून जुना आवाज निघाला, "सावधान!"

साहेबांनी खिशातला हात बाहेर काढला. गोदामवाला ताठ झाला. पोटकलमांनी पाठीत कळ आली तरी ती सरळ केली.

"विश्राम," सासरे म्हणाले, आणि मग म्हणाले, "मी जरा चालून येतो."

पेट्यांच्या कडेला हात लावत लावत ते अस्वलापर्यंत गेले. तिथे थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. मग पुन्हा बसले, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा उठले. लेक तोंडाला पदर लावून बघत होती. इतक्या आनंदात तिने बाबांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

"फारच छान चालते की हो खुर्ची," साहेब मनापासून म्हणाले, आणि तितक्याच मनापासून त्यांनी टिपणी सांगायला घेतली. माल उत्तम चालू स्थितीत आहे. म्हणजे किंमत नगण्य नाही. म्हणजे पहिला दंड कमी बसला. नव्या किमतीनुसार दंड दुप्पट.

पोटकलमांचा चेहरा पडला. साहेबांनाही वाईट वाटलं. ते हळूच म्हणाले, "अहो, मला हे लिहावं लागतं. तुम्ही भरून टाका. पावती मी इथल्या इथे करवतो, आजच घेऊन जा."

"अहो," बायको म्हणाली. "भरून टाका ना. माझ्या पर्समध्ये आहेत."

"अगं, तुला कळत नाहीये. आता तर केस मजबूत झाली! साहेबांनी स्वतः पाहिलं बाबांना बसताना. व्यापार नाही हे सरकारच्या डोळ्यांदेखत सिद्ध झालं. आपण वरती अपील करायचं."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्याला कुठलं कलम लागू होतं हे पोटकलमांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी नजर वळवली.

गोदामवाला सीलची पट्टी घेऊन बाजूला उभा होता. सासऱ्यांना उठवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. "बाबा," तो म्हणाला, "खुर्ची बांधायची होती."

"माझ्यासकट बांधा," सासरे म्हणाले. "मलाही एक चिठ्ठी लावा. इथे अस्वल आहे, सोबत होईल."

सगळे हसले. लेक तेवढी हसली नाही. तिने एका काखेत हात घातला, पोटकलमांनी दुसऱ्या, आणि सासऱ्यांनी "एक, दोन, तीन" म्हटलं.

अपील दाखल झालं आणि आपल्या चालीने चालू लागलं. घरी पोटकलमांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. चहा पिताना मुद्दे, आंघोळीला जाताना मुद्दे. सासऱ्यांना उठवताना एकदा त्यांनी "एक" आणि "दोन" यांच्या मध्ये बाजारभावाची व्याख्या सांगितली, तेव्हा सासरे अधांतरीच राहिले.

एक दिवस बायको कुणाला न सांगता, स्वतःचे साठवलेले पैसे घेऊन कस्टम्सच्या खिडकीवर गेली. खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, प्रकरण अपिलात आहे. ज्यांनी अपील केलं त्यांनी मागे घेतलं तर लगेच पैसे घेतो, आणि लगेच खुर्ची देतो. या कागदावर त्यांची सही आणा."

ज्यांनी अपील केलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन बसले होते. तिने कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"हे काय?"

"सही करा. बाबांना उठायचंय."

"अगं, अगदी किनाऱ्याला आलंय. थोडंसं थांब."

"मी थांबेन हो. बाबांचं काय?"

पोटकलमांनी आशेने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे वेताच्या खुर्चीत बसून त्या दोघांचं बोलणं ऐकत होते. ते जावयाकडे बराच वेळ बघत राहिले. हा माणूस जन्मभर दुसऱ्यांचा माल सोडवत आलाय, आणि एकदा तरी स्वतःचं काही जिंकावं असं त्याला वाटतंय, हे म्हाताऱ्याला कळत असावं.

"तुम्ही जिंकाल, जावईबुवा," ते म्हणाले. "मला शंका नाही. जिंकलात की मला हाक मारा म्हणजे झालं."

पोटकलमांना हा आशीर्वाद वाटला. खिशाला पेन होतं. त्यांनी सही केली नाही. कागदाची घडी घालून कपाखाली ठेवली, आणि कपाचा गोल डाग त्यावर उमटला.

त्यानंतर एका दुपारी बायको औषधं आणायला खाली गेली होती, आणि पोटकलम कचेरीत लेखी म्हणणं तयार करत होते. घरात सासरे एकटेच होते. त्यांनी कुणाला हाक मारली नाही, मारायला कुणी नव्हतंच. ते एकटेच उठायला गेले. बायको परत आली तेव्हा वेताची खुर्ची आडवी झाली होती आणि सासरे तिच्याशेजारी जमिनीवर होते. शुद्धीवर होते. "तीनपर्यंत आलो होतो गं," एवढंच ते तिला म्हणाले. हॉस्पिटलमध्ये नेलं, पण तिथून ते परत आले नाहीत.

पोटकलम हॉस्पिटलच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसले. त्यांना रडू येत होतं आणि रडायची लाज वाटत होती. बायको बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. त्यांना तिला काहीतरी सांगायचं होतं. सगळा कायदा पाठ असलेल्या त्या माणसाला त्या वेळी एक साधं वाक्य जुळवता आलं नाही.

आणि मग अपिलाचा निकाल आला.

पोटकलम जिंकले. साधेसुधे नाही, कडकडीत जिंकले. विक्री नाही तिथे नफा नाही, नफा नाही तिथे दंड नाही, हे वरच्या साहेबांनी जवळजवळ त्यांच्याच शब्दांत लिहिलं होतं. दंड पूर्ण माफ. मालकांनी कचेरीभर चहा दिला. बंदरावरचे इतर एजंट येऊन हात मिळवून गेले, निकालाची प्रत मागायला लागले. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते "शाब्बास" सगळीकडून येत होतं. पोटकलम मान हलवत होते आणि त्यांचा चहा टेबलावर निवत होता. ज्याला हाक मारायची होती तो माणूस आता कुठल्याच खोलीत नव्हता.

ते गोदामात गेले. दंड माफ झाला होता, गोदामाचं भाडं माफ झालं नव्हतं. ते इतके दिवस चढत चढत दुप्पट दंडाच्याही पुढे गेलं होतं, आणि भाड्यावर अपील नसतं. (सवयीने त्यांनी एकदा पोटकलम शोधून पाहिलं. नव्हतं.) त्यांनी मुकाट्याने पैसे भरले.

"बाबा कसे आहेत?" गोदामवाल्याने विचारलं. "खुर्चीवर धूळ बसू दिली नाही हो मी. रोज पुसायचो. म्हटलं, आजोबा येतील तेव्हा स्वच्छ असावी."

पोटकलमांनी खाली वाकून खुर्ची उचलायला घेतली, मुख्यतः चेहरा लपवायला. आणि जिन्यातल्या त्या दिवसाचं जे "कट्" इतके दिवस पाठीत दबा धरून बसलं होतं, ते तिथेच पुरं झालं. शेवटी टेम्पोत खुर्ची उभी गेली आणि पोटकलम आडवे.

डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, आणि बसल्या जागेवरून आपलं आपण उठायचं तर अजिबात नाही. "घरात उठवायला कुणी आहे ना?" त्यांनी विचारलं.

तर आता ती खुर्ची दिवाणखान्यात आहे आणि तिच्यात पोटकलम असतात. रिमोट मात्र बायकोकडे असतो. तो ती कमरेला खोचून ठेवते, कुणाच्या हातात देत नाही. ती त्यांची सेवा नीट करते. वेळेवर औषध देते, शेकायला गरम पाणी देते, पाण्याचा तांब्या भरून हाताशी ठेवते, आणि तो रिकामा झाला की नाही हे रोज बघते. बोलते मात्र जरुरीपुरतं.

परवा मालक आणि बंदरावरचे दोन एजंट भेटायला आले होते. पाठीची चौकशी झाली, सासऱ्यांबद्दल हळहळ झाली, चहा झाला. मग एकाने विचारलंच, "पण काही म्हणा, निकाल जबरदस्त आणलात. कसं सुचलं हो?"

पोटकलमांनी नको नको म्हटलं. एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायच्या आत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "त्याचं असं आहे, दंडाचा मूळ हेतू बघितला पाहिजे. आता पोटकलम एक—"

घुर्रर्र असा बारीक आवाज झाला.

पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत पोटकलम हळूहळू वर जाऊ लागले. हातात चहाचा कप होता, तो त्यांनी सावरला. खुर्ची पुढे कलली, आणि त्यांना दिवाणखान्याच्या मधोमध उभं करून थांबली. स्वयंपाकघराच्या दारात बायको रिमोट घेऊन उभी होती.

पाहुणे गडबडीने उठले, चपला शोधून निघून गेले. पोटकलम तसेच उभे होते. पाठीतून कळा येत होत्या. खुर्ची वरच होती, आणि वर असलेल्या खुर्चीत बसता येत नाही.

"अगं," ते शेवटी काकुळतीने म्हणाले, "खाली घे ना."

बायकोने रिमोट कमरेला खोचला आणि कप उचलायला लागली.

"अपील करा," ती म्हणाली.